शेऱ्याचा रकाना

विज्ञान प्रदर्शनाचं परिपत्रक शाळेत आलं की ते उघडायचं माझ्या जिवावर येतं. खरं तर मी विज्ञानाचीच शिक्षिका. वडवणीतल्या या शाळेत इतकी वर्षं गेली की आता माझ्या पहिल्या विद्यार्थिनींच्या पोरी माझ्या वर्गात बसतात. मुख्याध्यापक परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवतात, "बाई, तुमचं खातं," म्हणतात आणि चहाला निघून जातात. मग मी चष्मा पुसते, विषयांची यादी काढते आणि त्यात पाणी आहे का ते आधी बघते. पाणी असतंच. बीड जिल्ह्यात दुसरा विषय सुचायचा तर माणूस बाहेरून यावा लागेल.

यंदाही पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. पौष लागायच्या आतच नदीच्या पात्रात पोरांचं क्रिकेट सुरू झालं. नववीच्या चौघीजणींनी ठरवलं की आपण हातपंपांची पाहणी मांडायची. प्रयोगशाळेच्या फरशीवर चार्ट पेपर पसरून त्या पालथ्या पडून रेघा मारत होत्या. एकीनं शेवटचा रकाना आखला, वर 'शेरा' असं लिहिलं आणि विचारलं, "मॅडम, यात काय लिहायचं?" मी म्हणाले, "डोळ्यांनी दिसलं ते. घरी जसं बोलतात तसं नाही." आवाज जरा चढला असावा. पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. मॅडम खडूस आहेत हे त्यांना माहीतच आहे, पण एका रकान्यावरून खेकसण्यासारखं काय होतं ते त्यांना कळलं नाही.

ते सांगायचं तर आईपासून सुरुवात करावी लागेल.

आमच्या घरात काही म्हणून संपत नसे. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं, दिवा मालवला तर तो वाढवला म्हणायचं, एवढं तर घरोघरी आहे. आई त्याच्याही पुढं गेली होती. डब्यात मीठ उरलं नाही की ती म्हणे, "मीठ वाढलंय, दुकानाला जा." आमच्याकडं पीठ वाढायचं, काडेपेटी वाढायची, एकदा तर ऐन परीक्षेत माझी शाई वाढली होती. संपलं म्हटलं की ती वस्तू रुसते आणि माघारी येत नाही, असा तिचा हिशोब होता. आम्ही भावंडं तिची टिंगल करायचो आणि बोलायचो मात्र तिच्यासारखंच. पुढं वहिनी नवीन आली तेव्हा आई तिला म्हणाली, "पीठ वाढलंय गं," तर ती बिचारी म्हणाली, "बरं झालं." यावर घरात कितीतरी दिवस हसणं चाललं होतं. मी त्या हसण्यात नव्हते. मी उठून बाहेर गेले होते.

मी आठवीत होते ते सलग दुसरं दुष्काळाचं साल. आमची वस्ती गावापासून आडबाजूला, पंधरा-वीस घरांची. निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला निघायची. उरलेले आम्ही सभासद, म्हणजे सहकारी साखर कारखान्याचे. कारखान्याचं धुराडं आमच्या अंगणातून दिसायचं. एरवी दिवाळीनंतर तिथून धूर निघायचा, दिवसातून तीनदा भोंगा व्हायचा आणि वारा फिरला की मळीचा आंबूस वास थेट चुलीपर्यंत यायचा. त्या वासाचा आम्हाला कंटाळा होता. त्या साली गव्हाणीत उसाची मोळीच पडली नाही. भोंगा बंद, धूर बंद, आणि तो वास आला नाही म्हणून आई दारात उभी राहून उगाच नाक ओढून बघायची.

बंद कारखान्यात करायचं काय, असा प्रश्न चेअरमनसाहेबांनाही पडला असणार. संक्रांतीनंतर कारखान्यावर तीन दिवस 'विज्ञान व तंत्रज्ञान मेळावा' भरेल, असं त्यांनी जाहीर केलं. यंत्रं उभीच आहेत, लोकांना डोळे भरून बघू द्या. शाळांनी आपापले प्रयोग मांडावेत. पत्रकावर एवढं लांबलचक नाव होतं, पण लोकांनी पहिल्याच दिवशी त्याची सायन्सची जत्रा करून टाकली.

आणि ती खरोखर जत्राच होती. नारायणगडाच्या यात्रेला निघाल्यासारखी माणसं धुतलेली धोतरं नेसून, पोरं खांद्यावर घेऊन आली. फाटकापासून गोडीशेव आणि रेवड्यांची पालं लागली. बायकांनी बॉयलरला हळदकुंकू वाहिलं, आणि टर्बाइनपुढं कुणीतरी नारळ वाढवला. ज्या काट्यावर एरवी उसाच्या गाड्यांचं वजन व्हायचं, त्यावर आमचा अख्खा वर्ग उभा केला होता, आणि आम्हा बेचाळीस जणांचं वजन भरलेल्या एका बैलगाडीइतकंही होत नाही म्हणून सगळे हसले. इंजिनियर लोक स्वच्छ डगले घालून सांगत होते, इथून रस येतो, इथून वाफ जाते. पण रस नव्हता आणि वाफही नव्हती. त्या उंच पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा आवाज घुमायचा आणि माणसं मान वर करून रिकाम्या नळ्यांकडं बघायची. शेडबाहेर शाळांचे मंडप होते. ज्वालामुखी, पेरिस्कोप, विजेची घंटा, आणि शेवटून तिसऱ्या टेबलावर मी.

माझा प्रयोग म्हणजे तक्ता होता: 'आमच्या परिसरातील विहिरी'. सरांनी विषय दिला आणि विहिरी मोजल्या दगडूकाकांनी. दगडूकाका आमचे शेजारी, नात्यानं कुणी नाही. त्यांनी एका कासऱ्याला हाता-हातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दिवाळीला एकदा, संक्रांतीला एकदा असं मला घेऊन तेवीस विहिरी पालथ्या घातल्या. काठावर वाकून ते दोर सोडायचे आणि मोठ्यानं गाठी मोजायचे. त्यांचा आवाज विहिरीत जाऊन परत यायचा. मी वहीत लिहायची. "पोरी, बराबर लिही," ते म्हणायचे, "मानूस खोटं बोलंल, दोर न्हाई बोलनार." संक्रांतीच्या फेरीत बऱ्याच विहिरींत दगड तळाला आपटल्याचा नुसता खट्ट आवाज आला. आमच्या वस्तीच्या तिन्ही विहिरींत तसाच आला. तेव्हा मात्र ते नुसते दोर गोळा करत राहिले.

वस्तीत मोठ्यानं बोलणारा तो एकच माणूस. त्या भाद्रपदात कारखान्याच्या वार्षिक सभेत, सगळे "मंजूर, मंजूर" म्हणत असताना दगडूकाका उठून उभे राहिले होते आणि त्यांनी चेअरमनला सवाल केला होता. शाळेत असतो तो प्रश्न. आमच्याकडं मोठ्या माणसाला भरसभेत विचारतात तो सवाल. त्यांनी काय विचारलं ते आम्हा बायकापोरांपर्यंत आलंच नाही. आलं ते एवढंच की दगडूनं सवाल केला, माईक बंद पडला, तरी तो खाली बसला नाही. त्या रात्री शेवंताकाकूनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भीतीनं जेवण केलं नाही असं आई सांगायची. मला मात्र काकांचा अभिमान वाटला होता. माझा कासरा धरणारा माणूस सवाल करतो, हे मी वर्गात दोघींना सांगितलंही होतं.

मेळाव्याच्या आदल्या दुपारी तक्ता घरी जमिनीवर पसरला होता. संक्रांतीच्या रकान्यात कोरड्या विहिरींपुढं आकडा घालायचा नव्हता, म्हणून मी तिथं आडवी रेघ मारली होती, आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'पाणी संपले'. सरांनी तसंच सांगितलं होतं. आई शेणानं सारवायला आली आणि तक्त्यापाशी थबकली. तिला वाचता यायचं नाही. "काय लिवलंय?" मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सुमे, पान्याला तसं म्हनू ने. पान्यानं ऐकलं तर येईल का माघारी?" मी म्हणाले, "अगं, पाणी कुठं ऐकतं?" ती म्हणाली, "मग लिवतीस कुणासाठी?" तिचा चेहरा इतका उतरला होता की मला वाईट वाटलं. मी अर्धं ब्लेड घेतलं, आमच्या वस्तीच्या तिन्ही विहिरींपुढचे शब्द अलगद खरवडले आणि त्या जागी सुबक अक्षरात लिहिलं, 'पाणी वाढले'. माझं अक्षर चांगलं होतं. खाडाखोड कुणाला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याचे एक तरुण इंजिनियर टेबलापाशी आले. कोल्हापूरकडचे होते. साखर नाही तर निदान पाणी तरी द्या, म्हणून कारखान्यानं सभासदांच्या गावांना टँकर सुरू केले होते, आणि कुठं किती फेऱ्या करायच्या ते यांच्याकडं होतं. बाकीचे परीक्षक ज्वालामुखीपाशी थांबले, हा माणूस माझ्या तक्त्यापुढं खिशातली डायरी काढून उभा राहिला. "ही खरी माहिती," ते शेजारच्याला म्हणाले, "ऑफिसात बसून असं मिळत नाही." मला तर आकाश ठेंगणं झालं. मग त्यांनी आमच्या वस्तीच्या ओळीवर बोट ठेवलं. "इथं पाणी वाढलं?" मी ताठ उभी राहून म्हणाले, "हो सर, वाढलं. तिन्ही विहिरींचं." त्यांनी लिहून घेतलं. मला दुसरा नंबर मिळाला, आणि बक्षीस म्हणून पितळी मुठीचं भिंग.

एक दिवसाआड येणारा टँकर त्यानंतर आला नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, बिघडला असेल. रस्त्याच्या कडेला पाण्याची रिकामी टिपाडं रांगेनं मांडलेली होती आणि माणसं त्यांच्या सावलीला बसून रस्त्याकडं बघत होती. तिसऱ्या दिवशी बायका हंडे घेऊन दुसऱ्या गावच्या मळ्यात गेल्या आणि शिव्या खाऊन अर्धे हंडे घेऊन आल्या. पाचव्या दिवशी शेवंताकाकू आणि आई दोर बांधून आमच्या विहिरीत उतरल्या, तळाच्या कपारीत वाटी लावून बसल्या आणि दिवसभरात एक घागर भरून वर आल्या. मी काठावर होते. मी माझ्या नव्या भिंगातून त्यांना बघत होते. ते आठवलं की अजून मला माझीच किळस येते.

तोवर वस्तीनं कारण शोधून काढलं होतं. शेजारच्या गावात टँकर येतोय, आपल्यालाच का बंद? दगडूच्या सवालामुळं. सगळ्यांना ते एकदम पटलं, कारण आमच्याकडं पाणी असंच चालतं हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. पारावर माणसं जमली. एक जण म्हणाला, "तुला कावून उभं राहायचं व्हतं बे? आमी सांगितलं व्हतं का?" दुसरा म्हणाला, "तुझ्या एका तोंडापायी लेकरं तहानली." दगडूकाका खाली बघत होते. ते एवढंच म्हणाले, "सभासद हाय मी. इचारायचंच न्हाई का?"

नवव्या दिवशी मी शाळेत असताना दारात जीप थांबली. तेच इंजिनियर होते. फेऱ्या तपासायला म्हणून ते सकाळी वस्तीच्या विहिरींवर जाऊन आले होते. सरांनी मला वर्गाबाहेर बोलावलं. "बाळ, तू तर वाढलं म्हणालीस," इंजिनियर म्हणाले. मी म्हणाले, "वाढलं म्हणजे संपलं, सर." ते हसायला लागले आणि मग त्यांचं हसणं मध्येच थांबलं. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाले, "उद्या सकाळी टँकर येईल." जीप गेल्यावर सर मला म्हणाले, "झालं ते झालं. आता कुठं बोलू नकोस. शाळेचं नाव जाईल, तुझं बक्षीसही परत मागतील." मी मान हलवली. शाळेच्या नावाचं मला काही नव्हतं. मला भिंग द्यायचं नव्हतं, हे मी आज लिहिते आहे.

घरी पोचले तर वस्ती सुनसान. आई म्हणाली, "दगडूभावजी गेलेत कारखान्यावर. माफी मागाय." मी तिथंच दप्तरासकट उभी राहिले. धावत जाऊन त्यांना गाठता आलं असतं का, हे मी हजार वेळा मोजलं आहे. कारखाना चार मैल, ते दुपारी निघालेले. गाठता आलं नसतं. पण मी एक पाऊलसुद्धा उचललं नाही. दिवेलागणीला काका आले. टोपी हातात होती. ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं की ऑफिसच्या व्हरांड्यात, दहा माणसांसमोर, दगडूनं चेअरमनचे पाय धरले. चेअरमनला टँकर बंद आहे हेही माहीत नसावं, असं आता मला वाटतं. ते म्हणे नुसते "बरं, बरं, बघू" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉर्न वाजवत टँकर आला. बायका हंडे घेऊन पळाल्या, पोरं पाइपखाली भिजली. "दगडूनं पाय धरले म्हनून आला," असं जो तो म्हणत होता, आणि आता त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, माया होती. कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारली. काका लिंबाला टेकून उभे होते आणि पाण्याकडं बघत नव्हते. मी रांगेत होते, डोक्यावर चुंबळ, हातात घागर. मला एवढंच ओरडायचं होतं की पाणी यामुळं नाही आलं. माझी पाळी आली. मी घागर भरली आणि घरी आले.

त्यानंतर दगडूकाका बोलले नाहीत. मुके झाले नाहीत. बैलाशी बोलायचे, भाकरी मागायचे. पण चार माणसांत त्यांचा आवाज पुन्हा निघाला नाही. सभेला जायचे ते मागं बसायचे आणि "मंजूर" म्हणायचे. काही विचारलं तर म्हणायचे, "मला कशाला इचारता." टवाळ पोरं हाक मारायची, "कावून बे दगडू, सवाल हाय का?" तर हसायचे. ते हसणं मला सहन व्हायचं नाही. पुढं मी शिकायला बाहेर पडले, कारखाना दोनदा सुरू होऊन कायमचा बंद झाला, आई गेली, शेवंताकाकू गेली. मला वाटलं सुटले. मग माझी बदली वडवणीला झाली, आणि पहिल्याच आठवडी बाजारात, लसणाच्या ढिगाशेजारी पोत्यावर बसलेले दगडूकाका दिसले. लेक चंद्रकला इथं दिलेली, तिच्याकडं राहायला आले होते. "सुमन का गं?" ते म्हणाले. तेव्हापासून दर बाजारी मी त्यांच्याकडून लसूण घेते. माझ्या घरात लसणाच्या माळा खिडकीत सुकत असतात. एवढा लसूण एकट्या बाईला कशाला, असं चंद्रकलेनं एकदा विचारलं होतं.

भीती कशाची होती ते मला नीट सांगता येत नाही. भिंग तर कधीच हरवलं. सर गेले. रागावणारं कुणी उरलं नाही. पण जितकी वर्षं जात होती तितकं सांगणं अवघड होत होतं, आणि काका जितके म्हातारे होत होते तितकं न सांगणं. रस्त्यात टँकर दिसला की मी वळून उभी राहते. वर्गात एखादी पोर हात वर करून वेडावाकडा प्रश्न विचारते, बाकीच्या हसतात, तेव्हा मी हसणाऱ्यांवर इतकी संतापते की वर्ग चिडीचूप होतो. हे सगळं त्या व्हरांड्यातून येतं, जो मी पाहिलेलाच नाही.

मागच्या बाजारी, त्या चार्ट पेपरवर खेकसल्यानंतर, मी सांगितलं. पालाखाली पोत्यावर बसले आणि ब्लेडपासून भिंगापर्यंत सगळं सांगितलं. काका लसणाच्या गड्ड्यांची माती झटकत ऐकत होते. मध्ये एक गिऱ्हाईक आलं, चंद्रकलेनं त्याला वाटेला लावलं. मी थांबल्यावर काका म्हणाले, "म्हंजे चेअरमननं बंद केला नव्हता?"

"न्हाई, काका."

"अन मी पाय धरले म्हनून आला न्हाई?"

"न्हाई. तो येणारच होता. आदल्या दिवशीच ठरलं होतं."

त्यांनी हातातला गड्डा खाली ठेवला. शिव्या देतील असं वाटलं, द्याव्यात असंही वाटलं. ते हळू म्हणाले, "मंग बोललो असतो तरी चाललं असतं की. इतकी वर्सं." मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, थांबवलं नाही. मग विचारायचं म्हणून नव्हे, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काका, तुमी काय इचारलं होतं त्या सभेत?"

त्यांनी तोंड उघडलं. "थांब," ते म्हणाले. "काट्याचं व्हतं का… न्हाई. ऊसतोडीच्या पाळीपत्रकाचं… तेबी न्हाई." त्यांनी चंद्रकलेकडं पाहिलं. ती म्हणाली, "मी तवा पाळण्यात व्हते, आबा." ते कपाळाला हात लावून बसले. "माझा सवाल व्हता," ते म्हणाले, "अन मलाच ध्यानात न्हाई."

आज पुन्हा बाजार होता. दुरूनच आवाज ऐकू आला. मला आधी ओळखू आला नाही, कारण तो आवाज मी विहिरीच्या काठानंतर ऐकलेला नव्हता. दगडूकाका काठी टेकत पालापालापाशी थांबत होते आणि आपल्या वयाचं कुणी दिसलं की त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं विचारत होते, "कारखान्याच्या सभंला व्हता का तुमी? मी उभा राहिलतो बगा, माईक बंद पडला व्हता. काय इचारलं व्हतं मी?" माणसं माना हलवत होती. एक जण हसला. एकानं त्यांना बसायला जागा करून दिली, पण ते बसले नाहीत. चंद्रकला मला म्हणाली, "आठ दिस झालं, घरात बी हेच चाललंय, बाई. झोपत न्हाईत."

माझ्यापाशी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. डोळे मात्र लख्ख होते. "सुमन, तू तर समदं लिवून ठिवायचीस," ते म्हणाले. "तुला ठावं असंल."

"न्हाई, काका," मी म्हणाले. "मला कुणीच सांगितलं नव्हतं."

त्यांनी मान डोलावली, काठी सावरली आणि पुढच्या पालाकडं वळले.